गाओस, होसे

गाओस, होसे : (२६ डिसेंबर १९०० – १० जून १९६९). स्पेनमध्ये जन्मलेला मेक्सिकन तत्त्वज्ञ, अध्यापक, भाषांतरकार आणि स्पॅनिश भाषेतील निबंध व विचार यांचा इतिहासमीमांसक. संपूर्ण नाव होसे गाओस ई गोन्सालेस-पोला. स्पेन आणि स्पॅनिशभाषक अमेरिका यांच्या वैचारिक वाङ्‌मयाचा एकत्रित व पद्धतशीर अभ्यास विद्यापीठीय पातळीवर रुजविण्याचे श्रेय मुख्यतः त्याला दिले जाते. ज्या भाषेत देकार्त किंवा कांट यांच्या तोडीचा दर्शनकार झाला नाही, त्या भाषेला तत्त्वज्ञानाचा इतिहास आहे की नाही, हा त्याच्या कार्याच्या मुळाशी असलेला प्रश्न होय. निबंध, वृत्तपत्रीय लेख, भाषणे आणि पत्रे यांतून व्यक्त झालेल्या विचाराला त्याने तत्त्वज्ञानाच्या इतिहासात स्थान मिळवून दिले. मात्र असे करताना त्याने केलेली ‘विचार’ आणि ‘तत्त्वज्ञान’ यांची फारकत शेवटपर्यंत वादग्रस्त राहिली.

जीवन व शिक्षण : आस्तुरिआस प्रांतातील हिहोन येथे त्याचा जन्म झाला. बालपण ओव्हिएदो येथे आजोळी गेले. पुढे तो व्हॅलेन्सिया येथे आला. वयाच्या पंधराव्या वर्षी एकोणिसाव्या शतकातील कातालान धर्मोपदेशक व तत्त्वज्ञ हाइमे बाल्मेस याचे तत्त्वज्ञानाच्या प्राथमिक अभ्यासक्रमावरील पुस्तक त्याच्या हाती पडले. त्यातील तत्त्वज्ञानाच्या इतिहासाचा भाग वाचून आपण या विषयाकडे ओढले गेलो, असे त्याने आपल्या आत्मपर लेखनात नमूद केले आहे. प्रत्येक दर्शन पूर्वीच्या दर्शनाचे खंडन करते आणि तरीही स्वतः अंतिम सत्य असल्याचा दावा करते, हे पाहून त्या मुलाला जो अचंबा वाटला, तोच त्याच्या प्रौढ वयातील तत्त्वचिंतनाचा विषय ठरला.

माद्रिद विद्यापीठात मान्वेल गार्सीआ मोरेंते, हाव्हिएर सुबिरी आणि होसे ओर्तेगा ई गासेत हे त्याचे गुरू होत. एडमुंट हुसर्ल याने केलेल्या मानसशास्त्रवादाच्या चिकित्सेवर प्रबंध लिहून त्याने १९२८ मध्ये डॉक्टरेट मिळविली. सारागोसा येथे काही काळ अध्यापन केल्यानंतर १९३३ मध्ये तो माद्रिद येथे प्राध्यापक झाला. ओर्तेगाच्या निकटच्या शिष्यवर्गात त्याची गणना होऊ लागली. मनुष्याचे जीवन आणि त्याची परिस्थिती ही परस्परांपासून वेगळी काढता येत नाहीत, तेव्हा विचार हा नेहमी विशिष्ट परिस्थितीला दिलेले उत्तर असतो, हा ओर्तेगाचा सिद्धांत गाओसच्या पुढील सर्व इतिहासलेखनाचा पाया होय.

गाओस १९३१ पासून समाजवादी पक्षाचा सभासद होता. १९३६ मध्ये यादवी युद्ध सुरू झाल्यावर प्रजासत्ताक शासनाने त्याला माद्रिद विद्यापीठाचे कुलगुरुपद दिले. १९३७ च्या पॅरिस येथील आंतरराष्ट्रीय प्रदर्शनातील स्पॅनिश दालनाचा तो प्रमुख आयुक्त होता. पिकासोचे गेर्निका हे चित्र प्रथम याच दालनात मांडण्यात आले. १९३८ मध्ये तो मेक्सिकोस गेला. राष्ट्राध्यक्ष लासारो कार्देनास याच्या शासनाने स्पॅनिश विद्वानांना आश्रय देण्यासाठी ‘ला कासा दे एस्पान्या’ (म. अर्थ स्पेनगृह) ही संस्था त्याच वर्षी स्थापन केली होती. तिच्या उभारणीत इतिहासकार दान्येल कोसीओ व्हियेगास आणि निबंधकार आल्फोन्सो रेयेस यांचा पुढाकार होता. १९४० मध्ये तिचे रूपांतर ‘एल कोलेहिओ दे मेहिको’ या संशोधन व अध्यापन संस्थेत झाले. ही संस्था आणि मेक्सिकोचे राष्ट्रीय विद्यापीठ ही गाओसची कर्मभूमी ठरली. १९४१ मध्ये त्याने मेक्सिकोचे नागरिकत्व पतकरले. पुढे तो स्पेनला परतला नाही. १९६६ मध्ये राष्ट्रीय विद्यापीठाच्या कुलगुरूस विद्यार्थ्यांच्या उठावामुळे पद सोडावे लागले, तेव्हा निषेध म्हणून गाओसने त्या विद्यापीठाचा राजीनामा दिला. उरलेली वर्षे त्याने कोलेहिओमध्ये शिकविले. तेथेच एका विद्यार्थ्याची डॉक्टरेटची तोंडी परीक्षा आटोपून तिच्या नोंदपत्रावर स्वाक्षरी केल्यानंतर हृदयविकाराने त्याचा मृत्यू झाला.

निर्वासितांच्या स्थितीचे वर्णन करण्यासाठी गाओसने ‘त्रांस्तेर्रादो’ असा शब्द घडविला. प्रचलित स्पॅनिश शब्द ‘देस्तेर्रादो’ याचा अर्थ भूमीतून उखडला गेलेला. गाओसच्या मते मेक्सिकोत आलेले स्पॅनिश लोक असे उखडलेले नव्हते. ते एकाच भाषेच्या व एकाच संस्कृतीच्या एका भूमीतून दुसऱ्या भूमीत आलेले होते. दुसरा निर्वासित तत्त्वज्ञ आदोल्फो सान्चेस व्हास्केस याने या शब्दावर आक्षेप घेतला. निर्वासित जेथे जातो ती भूमी त्याची होत नाही आणि जी सोडून येतो तीही त्याची राहत नाही, हे दुःख या शब्दाने झाकले जाते, असे त्याचे म्हणणे होते. शब्दाच्या योग्यायोग्यतेविषयी मतभेद झाले, तरी गाओसच्या संशोधनाची दिशा त्यावरून कळते. स्पेनचा वैचारिक इतिहास आणि अमेरिकेचा वैचारिक इतिहास हे दोन नसून एकच आहेत, हे प्रतिपादन त्याने आधी स्वतःच्या जीवनात अनुभवले होते.

संशोधनविषयक भूमिका : मेक्सिकोस आल्यावर गाओसने प्रथम ज्या मेक्सिकन पुस्तकांची दखल घेतली, त्यांत साम्वेल रामोस याच्या एल पेर्फिल देल ओंब्रे ई ला कुल्तुरा एन मेहिको (१९३४, म. शी. मेक्सिकोतील मनुष्य व संस्कृती यांची रूपरेषा) या ग्रंथाचा समावेश होतो. ओर्तेगाने स्पेनविषयी जे प्रश्न विचारले, तेच रामोसने ओर्तेगाच्याच पद्धतीने मेक्सिकोविषयी विचारले होते. महासागराच्या दोन्ही तीरांवर एकच चिंतन चालू आहे, याचा हा गाओसला मिळालेला पहिला ठळक पुरावा होय.

या विषयावरील त्याचे दोन मूलभूत ग्रंथ १९४५ मध्ये प्रसिद्ध झाले. आंतोलोहीआ देल पेन्सामिएंतो दे लेंग्वा एस्पान्योला एन ला एदाद कोंतेंपोरानेआ (म. शी. आधुनिक काळातील स्पॅनिश भाषेतील विचारांचे संकलन) हा वेच्यांचा विस्तृत संग्रह असून त्याला जोडलेली प्रस्तावना हा एक स्वतंत्र प्रबंधच आहे. पेन्सामिएंतो दे लेंग्वा एस्पान्योला (म. शी. स्पॅनिश भाषेतील विचार) या दुसऱ्या ग्रंथात त्याने हीच भूमिका निरनिराळ्या लेखांतून मांडली. दोन्ही ग्रंथांच्या शीर्षकांत राष्ट्राऐवजी भाषा हे एकक म्हणून घेतले आहे, ही गोष्ट लक्षणीय आहे.

त्याच्या युक्तिवादाचा आरंभ एका साध्या वस्तुस्थितीपासून होतो. बेनितो हेरोनिमो फेइहो या बेनेडिक्टाइन भिक्षूने १७२६ पासून तेआत्रो क्रीतिको उनिव्हेर्साल या मालिकेत अंधश्रद्धांचे खंडन करणारे निबंध लिहिले. त्यानंतर स्पॅनिश भाषेत जे काही महत्त्वाचे विचारमंथन झाले, ते बहुतांशी दर्शनग्रंथांबाहेर झाले. सिमोन बोलिव्हारने स्पॅनिश अमेरिकेच्या राज्यघटनेचा प्रश्न जमेकाहून लिहिलेल्या पत्रात (१८१५) मांडला. मार्यानो होसे दे लार्राने स्पेनच्या अवनतीची मीमांसा वृत्तपत्रातील उपरोधपूर्ण लेखांतून केली. दोमिंगो फाउस्तीनो सार्मिएंतो याचा फाकुन्दो (१८४५) हा एका प्रांतीय दंडेलशहाचे चरित्र सांगत अर्जेंटिनाच्या समाजरचनेचा शोध घेतो. होसे मार्ती याचा न्वेस्त्रा आमेरिका (१८९१) हा निबंध, होसे एन्रिके रोदोचे आर्येल (१९००) आणि मिगेल दे उनामूनोचे चिंतनपर लेखन ही याच परंपरेतील पुढची उदाहरणे होत. ओर्तेगाचा जनसमूहाच्या उदयावरील सुप्रसिद्ध ग्रंथही प्रथम १९२९ पासून माद्रिदच्या एका दैनिकात क्रमशः प्रसिद्ध झाला होता. या लेखकांना तत्त्वज्ञानाच्या इतिहासकारांनी साहित्यिक म्हणून वगळले होते आणि साहित्याच्या इतिहासकारांनी त्यांच्या शैलीची वाखाणणी करून त्यांचा विचार बाजूला ठेवला होता.

या लेखनासाठी गाओसने ‘विचार’ (पेन्सामिएंतो) ही संज्ञा योजली. त्याच्या मते तत्त्वज्ञान अनुभवापलीकडील विषयांची पद्धतशीर मांडणी करते. विचारही तत्त्वज्ञानाचीच साधने वापरतो. पण त्याचे विषय इहलोकातील, मानवी आणि परिस्थितीने तातडीचे केलेले असतात. अशा विषयांना दर्शनग्रंथाची चौकट मानवत नाही. निबंध, लेख, व्याख्यान आणि संभाषण हे त्यांचे स्वाभाविक वाङ्‌मयप्रकार होत. स्पॅनिश भाषेतील विचाराची त्याने तीन प्रमुख लक्षणे सांगितली. हा विचार सौंदर्यनिष्ठ आहे, कारण त्यात आशय व शैली यांची फारकत करता येत नाही. तो राजकीय आहे, कारण स्वतःच्या देशाचे काय करावे, हा त्याचा कायमचा विषय आहे. तो अध्यापनपर आहे, कारण सबंध लोकसमूहाला शिकविणे हे त्याचे प्रयोजन आहे. स्पॅनिश विचारवंत हा बहुधा शिक्षक, वक्ता, पत्रकार आणि प्रसंगी राज्यकर्ताही असतो, हे या लक्षणांवरून स्पष्ट होते.

या सर्व लेखनाच्या मागे गाओसला एक समान ऐतिहासिक समस्या दिसली. अठराव्या शतकापासून स्पॅनिश जगतातील विचारी मनुष्य साम्राज्याच्या अवनतीचा अर्थ लावीत होता आणि आधुनिक यूरोपशी आपले नाते ठरवीत होता. जुन्या साम्राज्यसत्तेपासून मुक्त होणे हा या चळवळीचा हेतू होता. अमेरिकेतील वसाहतींनी एकोणिसाव्या शतकात ही मुक्ती मिळविली. क्यूबा १८९८ मध्ये स्पेनच्या ताब्यातून सुटले. स्पेन मात्र स्वतःच्याच साम्राज्यशाही भूतकाळाची वसाहत म्हणून मागे राहिला असून स्वतंत्र व्हावयाचे राहिलेले ते शेवटचे हिस्पॅनिक राष्ट्र होय, असे गाओसचे प्रतिपादन आहे. फ्रँकोच्या राजवटीतून निर्वासित झालेल्या मनुष्याने १९४० नंतरच्या दशकात केलेले हे विधान राजकीय तर आहेच. पण त्यामागे इतिहासाची एक सुसंगत कल्पनाही आहे. मातृदेश व वसाहती यांचा नेहमीचा क्रम ते उलटा करते आणि अमेरिकेला अनुयायाच्या जागी पुरोगाम्याचे स्थान देते.

एन तोर्नो आ ला फिलोसोफीआ मेहिकाना (२ खंड, १९५२-५३, म. शी. मेक्सिकन तत्त्वज्ञानासंबंधी) या ग्रंथात त्याने पद्धतिशास्त्राचा प्रश्न अधिक काटेकोरपणे हाताळला. मेक्सिकोतील तत्त्वज्ञानाचा इतिहास हा आयातीचा इतिहास आहे, हे तो मान्य करतो. परंतु सर्व आयात एकाच प्रकारची नसते. मातृदेशातून आलेले तत्त्वज्ञान वसाहतीने निमूटपणे घेणे निराळे आणि आपल्या गरजा ओळखून, निवड करून, स्थानिक परिस्थितीत बसवून घेणे निराळे. निवड आणि रुजवण या क्रियांतही विचारनिर्मिती असते, हे इतिहासकाराच्या लक्षात आले पाहिजे. यूरोपीय इतिहासावरून बेतलेले कालखंड आणि मूल्यमापनाचे निकष अमेरिकेच्या इतिहासावर लादणे याला त्याने ‘संकल्पनांचा साम्राज्यवाद’ असे म्हटले. आधीच ठरलेल्या व्याख्येनुसार तत्त्वज्ञान शोधावयास गेले, तर ते सापडणार नाही आणि मग ते नव्हतेच असा निष्कर्ष निघेल. म्हणून प्रथम संहिता वाचावी व संकल्पना त्यांतून घडवाव्या, असा त्याचा आग्रह होता.

अध्यापन व शिष्यपरंपरा : गाओसचे सर्वांत टिकाऊ कार्य ग्रंथांइतकेच त्याच्या चर्चासत्रात आढळते. स्पॅनिशभाषक देशांतील विचारांच्या अभ्यासासाठी त्याने कोलेहिओमध्ये १९४० नंतर हे चर्चासत्र सुरू केले. लेओपोल्दो सेआ हा त्यातील पहिला नामवंत विद्यार्थी. सेआ तारखात्यात रात्रपाळीची नोकरी करून दिवसा शिकत असे. गाओसच्या शिफारशीवरून त्याला शिष्यवृत्ती मिळाली व तो पूर्ण वेळ अभ्यासाला लागला. त्याला ग्रीक सोफिस्टांवर प्रबंध लिहावयाचा होता. त्या विषयावर मेक्सिकोत बसून नवे सांगण्यासारखे फार थोडे असल्याचे सांगून गाओसने त्याला मेक्सिकोतील प्रत्यक्षार्थवाद हा विषय सुचविला. त्यातून एल पोसितिव्हिस्मो एन मेहिको (१९४३) हा ग्रंथ आणि पुढील वर्षी त्याचा उत्तरार्ध निर्माण झाला. ऑग्यूस्त काँतचे तत्त्वज्ञान मेक्सिकोत कसे व कोणत्या वर्गाच्या हितासाठी वापरले गेले, हे त्याने दाखवून दिले. आयात केलेल्या विचाराचा इतिहासही मौलिक असू शकतो, या गाओसच्या सिद्धांताचा हा पहिला प्रत्यय होय.

त्यानंतर एका दशकात या चर्चासत्रातून प्रबंधांची मालिकाच बाहेर पडली. मोनेलिसा लिना पेरेस-मार्चांद हिने इन्क्विझिशनच्या दप्तरांवरून अठराव्या शतकातील मेक्सिकोच्या वैचारिक स्थित्यंतराचा शोध घेतला (१९४५). बेर्नाबे नाव्हार्रो याने मेक्सिकोत आधुनिक तत्त्वज्ञानाचा प्रवेश कसा झाला, हे जेझुइट व अन्य लेखकांच्या आधारे दाखविले (१९४८). ओल्गा किरोस-मार्तीनेस हिने तोच प्रश्न स्पेनपुरता अभ्यासिला (१९४९). लुईस व्हियोरो याने मूळ रहिवाशांविषयीच्या कल्पनांचा इतिहास लिहिला (१९५०). व्हेरा यामुनी हिने स्पॅनिश विचारवंतांच्या लेखनातील संकल्पना व प्रतिमा यांच्या परस्परसंबंधाची तपासणी केली (१९५१). निबंधकाराची प्रतिमा ही अलंकार असते की विचाराचे साधन असते, या प्रश्नाला तिने प्रत्यक्ष संहितांच्या आधारे हात घातला. फेर्नांदो साल्मेरोन याचा ओर्तेगाच्या तरुणपणावरील ग्रंथ १९५९ मध्ये प्रसिद्ध झाला. या कामात स्त्री-संशोधकांचा वाटा मोठा होता, हेही नमूद करण्याजोगे आहे. स्वतः गाओसने वसाहतकालीन विचारवंत हुआन बेनितो दीआस दे गामार्रा याच्या लेखनाचे संपादन केले (१९४७). अभिलेखागारात पडून राहिलेली कागदपत्रे वाचून मगच सिद्धांत मांडावा, ही शिस्त या चर्चासत्राने लावली. पुढील काळातील स्पॅनिश अमेरिकेतील ‘कल्पनांचा इतिहास’ या अभ्यासशाखेची वाढ, विशेषतः सेआने तिला दिलेले खंडव्यापी स्वरूप, या पायावर झाली.

भाषांतरे : गाओसने जर्मन तत्त्वज्ञानाची जी भाषांतरे केली, ती वरील कार्यापासून वेगळी मानता येत नाहीत. हेगेलची इतिहासाच्या तत्त्वज्ञानावरील व्याख्याने (१९२८), मोरेंतेच्या सहकार्याने केलेले हुसर्लचे तर्कशास्त्रीय अन्वेषण (१९२९), तसेच शेलर, येगर, ड्यूई व निकोलाय हार्टमान यांचे ग्रंथ त्याने स्पॅनिशमध्ये आणले. मार्टिन हायडेगरच्या झाइन उंट त्साइट या ग्रंथाचे त्याने केलेले भाषांतर १९५१ मध्ये प्रसिद्ध झाले. स्पॅनिशमधील ते पहिले संपूर्ण भाषांतर असून इंग्रजी भाषांतरापूर्वी अकरा वर्षे वाचकांच्या हाती आले. एका जर्मन संज्ञेस सर्वत्र एकच स्पॅनिश प्रतिशब्द योजण्याच्या कटाक्षामुळे त्याची भाषा अनेक ठिकाणी खडबडीत व दुर्बोध झाली, अशी टीका होत आली. होर्हे एदुआर्दो रिव्हेरा या चिलीच्या अभ्यासकाने १९९७ मध्ये केलेले नवे भाषांतर अधिक सुगम मानले जाते. त्यात ‘डाझाइन’ ही मूळ संज्ञा तशीच ठेवली आहे, तर गाओसने तिच्यासाठी ‘सेर आई’ असा शब्दशः प्रतिशब्द घडविला होता. तथापि कठीण जर्मन संकल्पना पेलण्याची सवय स्पॅनिश गद्याला लावण्याचे काम गाओसच्या भाषांतरानेच केले. निबंधाच्या भाषेचे समर्थन करणारा हा अभ्यासक दर्शनाची भाषाही घडवीत होता, ही गोष्ट त्याच्या मूल्यमापनात विसरता येत नाही.

तत्त्वज्ञानविषयक मत : तत्त्वज्ञानाच्या स्वरूपाचा विचार हेच गाओसचे स्वतःचे तत्त्वज्ञान होय. त्याला त्याने ‘तत्त्वज्ञानाचे तत्त्वज्ञान’ असे नाव दिले. प्रत्येक दर्शन विश्वव्यापी सत्याचा दावा करते; पण वस्तुतः ते एका व्यक्तीने एका परिस्थितीतून दिलेला स्वतःचा कबुलीजबाब असते. सत्य हे शेवटी वैयक्तिक आणि दुसऱ्यास पूर्णपणे न सांगता येणारे असते, अशा संशयवादी निष्कर्षाला तो पोहोचला. सर्वांहून वरच्या स्थानावरून विश्वाकडे पाहण्याच्या आकांक्षेत अहंकार दडलेला असतो, असे म्हणण्याचे धैर्यही त्याने दाखविले. कोन्फेसिओनेस प्रोफेसिओनालेस (१९५८, म. शी. व्यावसायिक कबुलीजबाब) या पुस्तकात त्याने या दृष्टीने स्वतःचीच चिकित्सा केली आहे. आपल्या व्यवसायावरील श्रद्धा क्षीण होत असताना तो व्यवसाय निष्ठेने चालविणाऱ्या अध्यापकाचे हे आत्मकथन स्पॅनिश वाङ्‌मयात आगळे आहे. दे ला फिलोसोफीआ (१९६२), देल ओंब्रे (१९७०) आणि इस्तोरिआ दे न्वेस्त्रा इदेआ देल मुंदो (१९७३) हे त्याचे मोठे ग्रंथ वर्गातील व्याख्यानांतून सिद्ध झालेले असून त्यांपैकी शेवटचे दोन मरणोत्तर प्रसिद्ध झाले.

मूल्यमापन : गाओसच्या भूमिकेवरील सर्वांत कठोर टीका एदुआर्दो निकोल या कातालान निर्वासित तत्त्वज्ञाने केली. एल प्रोब्लेमा दे ला फिलोसोफीआ इस्पानिका (१९६१) या ग्रंथात त्याने असा मुद्दा मांडला, की तत्त्वज्ञान हे शास्त्र आहे आणि त्याची जबाबदारी सार्वत्रिक आहे. निबंध हा सुखद वाङ्‌मयप्रकार असला, तरी सिद्धतेचे ओझे तो टाळतो. स्वतःच्या राष्ट्राच्या प्रश्नांत गुरफटणे हे हिस्पॅनिक विचाराचे वैशिष्ट्य असेल, तर ते गौरवाचे नसून उणिवेचे लक्षण होय. या टीकेत तथ्य आहे. सौंदर्यनिष्ठा, राजकीयता व अध्यापनपरता ही लक्षणे फ्रेंच प्रबोधनकाळातील लेखकांनाही लागू पडतात; त्यामुळे ती स्पॅनिश विचाराची व्यवच्छेदक लक्षणे ठरत नाहीत. सोळाव्या शतकातील फ्रान्सिस्को स्वारेस याच्यासारखा दर्शनकार या चौकटीत बसत नाही, म्हणून आधुनिक काळापासून आरंभ करणे गाओसला सोयीचे गेले. भाषा हे एकक मानल्यामुळे अमेरिकेतील मूळ रहिवाशांच्या भाषांतील विचार त्याच्या नकाशावर येतच नाही. शिवाय जर प्रत्येक दर्शन केवळ एका व्यक्तीचा कबुलीजबाब असेल, तर एका सबंध भाषेच्या विचाराचा इतिहास कसा संभवतो, या प्रश्नाचे समाधानकारक उत्तर त्याने दिलेले नाही.

त्याच्या लेखनातील एक विसंगतीही दाखविण्यात येते. शैलीला विचाराचे अंग मानणाऱ्या या अभ्यासकाचे स्वतःचे गद्य मात्र उपवाक्यांनी भारावलेले, पुनःपुन्हा व्याख्या करणारे आणि वाचकाची कसोटी पाहणारे आहे. ज्या निबंधकारांचा त्याने गौरव केला, त्यांच्या प्रसन्नतेचा त्यात अभाव आहे. हुआन मारिचाल याचा हिस्पॅनिक निबंधाचा इतिहास व मीमांसा करणारा ला व्होलुंताद दे एस्तिलो (१९५७) हा ग्रंथ निबंधकाराच्या शैलीपासून निघून त्याच्या जीवनदृष्टीकडे जातो व तो सहज वाचनीय आहे. गाओसचा मार्ग याच्या उलट असून निबंधाचे वाङ्‌मयीन रूप प्रत्यक्ष उलगडून दाखविण्यात तो कमी पडतो. त्याची लक्षणे बिनचूक असली, तरी एखाद्या विशिष्ट निबंधाचे विवरण करून ती सिद्ध करण्याकडे त्याचा कल नव्हता. ते काम त्याच्या शिष्यांनी केले.

हे दोष मान्य करूनही त्याच्या कार्याचे महत्त्व कमी होत नाही. निकोलचा आक्षेप तत्त्वज्ञान कसे असावे यासंबंधी आहे. गाओसचा प्रश्न जे लिहिले गेले त्याचे काय करावयाचे, हा होता. पहिल्या प्रश्नाच्या उत्तरावर दुसऱ्याचा निकाल लावता येत नाही. दीडदोनशे वर्षे एका भाषेतील सर्वांत समर्थ मने ज्या प्रकारात विचार करीत आली, त्या प्रकाराला उणा ठरवून त्या मनांचा इतिहास पुसून टाकणे हे इतिहासकाराचे काम नव्हे. परक्या मापाने स्वतःला मोजून स्वतःला रिक्त ठरविण्याची सवय ही वसाहतीतील शिक्षणाची देणगी असते. ती सवय ओळखणे आणि तिच्यावर संहितावाचनाचा उपाय करणे, हे गाओसचे खरे योगदान आहे. पेरूचा आउगुस्तो सालासार बोंदी याने १९६८ मध्ये स्पॅनिश अमेरिकेचे तत्त्वज्ञान अस्तित्वात आहे का, असा प्रश्न विचारून त्याचे नकारार्थी उत्तर दिले. पुढील वर्षी सेआने त्याला प्रत्युत्तर दिले. त्या गाजलेल्या वादातील दोन्ही पक्षांना जी ऐतिहासिक सामग्री उपलब्ध झाली, तिचा बराचसा भाग गाओस व त्याचे शिष्य यांनी गोळा केलेला होता.

त्याच्या शिष्यांनी घेतलेल्या निरनिराळ्या वाटाही उद्‌बोधक आहेत. सेआ अमेरिकेच्या इतिहासाच्या तत्त्वज्ञानाकडे वळला. एमिल्यो उरांगा, व्हियोरो व इतर तरुणांच्या ‘इपेर्योन’ या गटाने १९४८ पासून अस्तित्ववादाच्या साह्याने मेक्सिकन मनुष्याचे स्वरूप शोधण्याचा प्रयत्न केला. याउलट व्हियोरो, साल्मेरोन आणि आलेहांद्रो रोस्सी यांनी १९६७ मध्ये क्रीतिका हे नियतकालिक स्थापन करून काटेकोर विश्लेषक तत्त्वज्ञानाचा पुरस्कार केला. म्हणजे ज्या शास्त्रीयतेविषयी गुरूला संशय होता, तिचाच अंगीकार केला. गाओसने यात गुरुद्रोह पाहिला नाही. प्रत्येकाने आपल्या परिस्थितीतून आपला विचार करावा, हीच त्याची शिकवण होती आणि ती पाळणारा शिष्य गुरूपासून दूर जाणारच. याच साल्मेरोनच्या देखरेखीखाली मेक्सिकोच्या राष्ट्रीय विद्यापीठाने १९८२ पासून गाओसच्या समग्र ग्रंथांचे प्रकाशन हाती घेतले, ही गोष्ट त्या गुरुशिष्यसंबंधाची साक्ष देते.

गाओसने स्वतःचे दर्शन निर्माण करून संप्रदाय स्थापन केला नाही. एका भाषेतील विखुरलेले लेखन एकत्र वाचले जाण्यायोग्य आहे, ही जाणीव त्याने निर्माण केली आणि ते कसे वाचावे, हे दोन पिढ्यांना शिकविले. ज्या भाषांमध्ये विचार मुख्यतः निबंध, नियतकालिके व व्याख्याने यांच्या द्वारे वाढला, त्या सर्व भाषांच्या वैचारिक इतिहासकारांना त्याने उपस्थित केलेले प्रश्न टाळता येणार नाहीत.